फॉरमॅट मारायच्या आधी

महिन्यातला दुसरा मंगळवार उलटला की बुधवारी सकाळी माझा, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचा, फोन वाजायला लागतो. विंडोजचं महिन्याचं मुख्य अपडेट मायक्रोसॉफ्ट त्याच मंगळवारी सोडते. २००३ पासूनची ही वहिवाट आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. तिकडं थंडीत घड्याळं एक तास मागं नेतात, तेव्हा आपले साडेअकरा. तोवर मार्केट यार्डातली शटरं कधीच खाली आलेली असतात. सकाळी ती वर जातात, कॉम्प्युटर चालू होतात आणि ज्यांचं अपडेट अडकतं ते फोन हातात घेतात.

त्यातला एक फोन पाच महिने ठरलेला होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक अडत आहे, तिथल्या दिवाणजींचा.

"पाव्हणं, परत त्येच. गोल फिरतंय, फिरतंय, आन् मग तांबडं अक्षर. रीट्राय म्हणतंय. किती वेळा दाबू?"

"दाबू नका. तांबड्या अक्षराशेजारी एक आकडा असेल, तो वाचून दाखवा."

"आकडा कशाला? आमचा भाचा म्हणतोय फॉरमॅट मारा, सगळं नवंकोरं हुतंय."

हा भाचा प्रत्येक घरात असतो. फॉरमॅटला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायला, माझा विरोध नाही, पण तो पहिला उपाय म्हणून मारणं म्हणजे रोजमेळाचं एक पान चुकलं म्हणून अख्खी चोपडी चुलीत घालणं. अडतीतला कॉम्प्युटर फॉरमॅट केला की हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा टाका, त्याचं डोंगल ओळखवा, पट्टी छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बसवा, मराठीचे जुने फॉन्ट शोधा. दोन दिवस जातात. आणि मूळ कारण डिस्कमध्ये, जागेत किंवा विजेत असेल तर पुढच्या महिन्याच्या बुधवारी तांबडं अक्षर पुन्हा हजर.

अपडेट म्हणजे एकच काम नसतं. आधी विंडोज विचारून बघतं की नवीन काय आलंय. मग ते उतरवून घेतं. मग उतरवलेल्या फाइली उलगडून जुन्या फाइलींच्या शेजारी मांडून ठेवतं. आणि शेवटी रीस्टार्टच्या वेळी, कुणी त्या फाइली वापरत नसताना, जुन्यांच्या जागी नव्या बसवतं. गाडी कुठल्या टप्प्यावर बंद पडली हे कळलं तर निम्मं काम झालं. उतरवतानाच अडकत असेल तर इंटरनेट, घड्याळ किंवा अर्धवट उतरलेल्या फाइली बघायच्या. इन्स्टॉलिंगचा आकडा वाढत जाऊन रीस्टार्टच्या आधीच तांबडं येत असेल तर डिस्कवरची जागा आणि विंडोजचं स्वतःचं कोठार. रीस्टार्ट होऊन काही टक्क्यांनंतर 'अनडूइंग चेंजेस' आलं, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं जोडलेलं यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), अँटिव्हायरस किंवा डिस्कवरचा तो छोटा, आपल्याला एरवी न दिसणारा भाग.

आता तो आकडा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्ट्री उघडली की फसलेल्या अपडेटशेजारी तो सापडतो. दिवाणजींनी वाचला: शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सात, शून्य, शून्य, सात, शून्य. म्हणजे ०एक्स८००७००७०.

लोक हा आकडा बघून घाबरतात, पण तो गाडीच्या नंबर प्लेटसारखा वाचायचा असतो. एमएच १० दिसलं की सांगली, ११ म्हणजे सातारा, ०९ म्हणजे कोल्हापूर. गाडी कुणाची ते नंतर. तसं ०एक्सच्या पुढं ८००७ असेल तर तक्रार विंडोजच्या नेहमीच्या कारभारातली: फाइल नाही, परवानगी नाही, जागा नाही. ८०२४ असेल तर अपडेट आणणारा जो विभाग आहे त्याची. ८००एफ असेल तर आणलेला माल जागेवर बसवणाऱ्या विभागाची. ८००७ वाल्यांमध्ये शेवटचे चार आकडे म्हणजे विंडोजचा जुनाच त्रुटी क्रमांक, फक्त दहाऐवजी सोळाच्या पटीत (हेक्साडेसिमल) लिहिलेला. इथं शेवटी ७० आहे. सात सोळं अकरा दाहे नि दोन, म्हणजे ११२. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडून 'नेट हेल्पमेसेज' या अर्थाची नेट हेल्पएमएसजी ही आज्ञा ११२ आकडा जोडून दिली, की विंडोज स्वतःच सांगतं: डिस्कवर पुरेशी जागा नाही.

मी दुकानात गेलो. १२० जीबीची एसएसडी, त्यात शिल्लक दोन जीबीसुद्धा नाही. सगळी जागा व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या हळदीच्या फोटोंनी, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओनं आणि हिशेबाच्या रोजच्या बॅकअपनं खाल्लेली. आणि बॅकअप त्याच डिस्कवर! डिस्क गेली की हिशेब आणि बॅकअप हातात हात घालून जाणार. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे सीपीयू पाण्यात गेलेले बघितलेल्या गावात हे बघून मला जरा बोलावं लागलं. दिवाणजींनी मान डोलावली, आणि मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेतली.

अपडेटला एवढी जागा कशाला लागते, असा प्रश्न येतोच. जुन्या फाइली लगेच फेकल्या जात नाहीत. नवं बिघडलं तर मागं फिरता यावं म्हणून त्या काही काळ ठेवाव्या लागतात. शिवाय गठ्ठा उलगडायलाही अंगण लागतं. मी गिऱ्हाइकांना सी ड्राइव्हवर २० जीबी मोकळी ठेवायला सांगतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथं गेलात तर विंडोज अपडेट क्लीनअपसारख्या नोंदी दिसतात, त्या बिनधास्त काढा. फक्त त्याच यादीत 'डाउनलोड्स' नावाचीही एक चौकट असते. तिच्यावर खूण केलीत तर डाउनलोड फोल्डरमधलं सगळं जातं, आणि लोकांची आधार कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळी दौलत तिथंच पडलेली असते.

जागा झाली. पुन्हा अपडेट लावलं. पुन्हा तांबडं अक्षर.

"बघा, म्हटलं न्हवतं?" दिवाणजी म्हणाले.

पण आकडा बदलला होता. आता ०एक्स८००७३७१२. कोड बदलला की मला बरं वाटतं. पहिला अडथळा पार पडला आणि गाडी पुढच्या खड्ड्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तोच कोड पुन्हा येत असेल तर आपण केलेल्या उपायाचा उपयोग झालेला नाही. म्हणून प्रत्येक वेळी कोड कागदावर लिहून ठेवायचा, तारखेसकट.

३७१२ म्हणजे विंडोजचं कोठार नासलंय. हे समजवायला मला हळदीच्या दुकानात बसून फार लांब जावं लागलं नाही. हरिपूरची पेवं सांगलीकरांना माहीत आहेत: जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद, तोंड बंद, वर्ष वर्ष टिकते. आत पाणी शिरलं तर मात्र वरून काही कळत नाही. तोंड उघडल्यावर वास येतो. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं असंच एक पेव आहे. विंडोजच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची अस्सल प्रत, तिच्या आधीच्या आवृत्त्यांसकट, तिथं असते. नवं अपडेट बसवताना विंडोज या पेवातला माल काढून बघतं, जुळवतं आणि त्यावर नवीन रचतं. तिथलाच माल खराब निघाला तर ते पुढं जात नाही, आणि ते योग्यच करतं. (हे फोल्डर फुगलेलं दिसतं म्हणून हातानं उडवणारे लोक मी बघितलेत. त्यांना मात्र फॉरमॅटच करावा लागला.)

पेव दुरुस्त करायला दोन आज्ञा आहेत आणि त्यांचा क्रम लोक हमखास चुकवतात. एसएफसी नावाची आज्ञा वापरातल्या फाइली पेवातल्या प्रतींशी ताडून बघते आणि बिघडलेली फाइल पेवातून काढून बदलते. पेवच नासलं असेल तर ती बिचारी कुठून आणणार? म्हणून आधी डिझम, जी पेवच तपासते आणि खराब माल बाहेरून, म्हणजे एरवी विंडोज अपडेटच्याच सर्व्हरवरून, नवा आणून भरते. मग एसएफसी. दुसऱ्या दिवशी मी तासगावला होतो, तेव्हा डिझमची आज्ञा दिवाणजींना फोनवर सांगितली. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचा, अक्षरं अर्थातच इंग्रजी.

"डी, आय, एस, एम. मग स्पेस. मग स्लॅश."

"कसला स्लॅश? हितं दोन हायती."

"प्रश्नचिन्हाच्या बटणावर आहे तो. मग ऑनलाइन, स्लॅशला चिकटून. परत स्पेस, परत स्लॅश, क्लीनअप, मधे आडवी रेघ, इमेज. परत स्पेस, स्लॅश, रिस्टोअर आणि हेल्थ जोडून. एंटर."

"चाललंय. बासष्ट पॉइंट तीनवर थांबलं."

"थांबू दे. ते तिथं बराच वेळ बसतं. खिडकी बंद करू नका."

बसलं, आणि वीस मिनिटांनी म्हणालं, ०एक्स८००एफ०८१एफ. नवा माल कुठून आणायचा तेच सापडत नाही. दुकानाचं इंटरनेट त्या दिवशी बंद होतं आणि कॉम्प्युटर दिवाणजींच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालला होता, दोन काड्यांच्या रेंजवर. हॉटस्पॉटबद्दल एक सांगून ठेवतो: जोडणीवर 'मीटर्ड' अशी खूण असेल तर विंडोज बरीचशी अपडेट्स आपणहून उतरवतच नाही. अडकलं म्हणून ओरडण्याआधी ती खूण बघा.

तासगावला मी ज्या कामासाठी गेलो होतो तेही याच जातीचं. एका बेदाणा व्यापाऱ्याचा जुना डेस्कटॉप, अपडेट उतरायलाच तयार नाही, कोड ०एक्स८००७२एफ८एफ. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख काही वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल मेला की मेन स्विच बंद केल्यावर कॉम्प्युटरला तारीख आठवत नाही. सुरक्षित जोडणीसाठी समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासताना त्याची मुदत या चुकीच्या तारखेशी ताडली जाते, ती जुळत नाही, आणि जोडणीच होत नाही. सेल बदलला, तारीख लावली, चहा येईपर्यंत अपडेट उतरलं होतं.

उतरवण्याच्या टप्प्यावरचा दुसरा नेहमीचा उपाय थोडक्यात: अर्धवट किंवा खराब उतरलेल्या फाइली सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरमध्ये पडून राहतात. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर' या दोन सेवा थांबवा, फोल्डरचं नाव बदला, सेवा पुन्हा चालू करा. विंडोज नवं फोल्डर करून घेतं. अपडेट हिस्ट्री कोरी दिसेल, म्हणून कोड आधी लिहून घ्या. विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटरही असल्याच गोष्टी करतो, तेव्हा आधी तो चालवून बघायला हरकत नाही. फार आशा मात्र ठेवू नका.

रीस्टार्टनंतर मागं फिरणाऱ्या अपडेटचं दुखणं वेगळं. मिरजेतल्या एका लॅबमध्ये वर्षाचं मोठं अपग्रेड ०एक्ससी१९००१०१ देऊन परत फिरायचं. हा कोड जवळजवळ नेहमी ड्रायव्हरकडं बोट दाखवतो. तिथं एक जुना बारकोड प्रिंटर होता, प्रिंटर कधीच भंगारात गेलेला, ड्रायव्हर मात्र ठाण मांडून बसलेला. तो काढला, कीबोर्ड आणि माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं उपटलं, मुदत संपलेला अँटिव्हायरस अनइन्स्टॉल केला आणि अपग्रेड गेलं. ०एक्स८००एफ०९२२ दिसला तर एकदा डिस्क मॅनेजमेंट उघडून सुरुवातीचा छोटा सिस्टिमचा भाग बघा. आणि जागेची गंमत म्हणजे सी ड्राइव्ह मोकळा असूनही जागा कमी पडू शकते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ (मायक्रोसॉफ्ट अपडेटला असा केबी क्रमांक देते) हे अपडेट आलं. त्याला रिकव्हरीच्या वेगळ्या भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेक कॉम्प्युटरांत तो भाग मुळातच तोकडा, त्यामुळे ०एक्स८००७०६४३ दाखवून ते फसत राहिलं. शेवटचे ६४३ म्हणजे १६०३, 'इन्स्टॉल करताना घातक त्रुटी'. त्या वाक्यावरून जागेचा पत्ता कुणाला लागणार? असल्या वेळी केबी क्रमांक शोधून मायक्रोसॉफ्टचं त्याबद्दलचं पान वाचणं हाच उपाय. डिस्कचे भाग लहानमोठे करायला बसण्याआधी बॅकअप, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकर या कुलपात असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर.

दोन प्रकारच्या कॉम्प्युटरांवर मात्र मी वेळ घालवत नाही. पहिला, कुणीतरी 'लाइट' विंडोज टाकून दिलेला. हलकं व्हावं म्हणून त्यातले तुकडे कापलेले असतात, अपडेटची सेवाही कधी मुद्दाम मारलेली असते. जो भाग घरातच नाही त्याची डागडुजी होत नाही. तिथं भाच्याचं ऐकावं, पण विंडोज अस्सल टाकावं. दुसरा, मुदत संपलेल्या आवृत्तीवरचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ची २३एच२ आवृत्ती होम आणि प्रोसाठी ११ नोव्हेंबर २०२५ ला थांबली. स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप करून आपली आवृत्ती आधी बघा.

एका महिन्याचं अपडेट बसलं नाही तर आकाश कोसळत नाही, कारण ही अपडेट्स साचत जाणारी असतात. पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात मागचं सगळं असतं. पण पाच महिने फार झाले. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं १२ मेला जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं.

दिवाणजींकडं शेवटी मी मोठा उपाय केला. त्याला इन-प्लेस रिपेअर म्हणतात: विंडोज स्वतःवरच पुन्हा बसतं, पेव नव्यानं भरतं, आणि फाइली, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज जागेवर राहतात. इंटरनेट चांगलं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथं 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' हे बटण आहे, ते हेच करतं. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्ख्या विंडोजचा एक गठ्ठा) घरी उतरवायची, पेनड्राइव्हवर न्यायची, चालू विंडोजमध्येच उघडून सेटअप चालवायचं. पेनड्राइव्हवरून बूट करायचं नाही, तिथं फाइली आणि सॉफ्टवेअर राखायचा पर्याय मिळत नाही. आणि भाषा जुळवून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ कॉम्प्युटरांत 'इंग्लिश इंटरनॅशनल' असतं, आणि लोक सवयीनं अमेरिकन इंग्लिश उतरवतात. मग 'कीप फाइल्स अँड अ‍ॅप्स' हा पर्याय मिळत नाही, आणि घाईत 'नथिंग' निवडलं जातं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला बसलो. सुरू करण्याआधी विचारलं, "लाइट गेली तर युपीएस किती वेळ टिकतो?"

"टिकतोय की. हिरवा दिवा बघा."

सगळ्या फाइली बंद केल्या आणि युपीएसचा प्लग भिंतीतून काढला. स्क्रीन त्याच क्षणी काळी. बॅटरी मेलेली होती, दिवा नुसता भिंतीतल्या विजेवर जळत होता. गेली कित्येक महिने लाइट गेली की कॉम्प्युटर लिहिता लिहिता आडवा होत होता, कधी अपडेटच्या ऐन मध्यावर. पेवात पाणी कुठून शिरलं ते कळलं. आधी बॅटरी आणली, मग रिपेअर लावलं. पावणेदोन तास लागले. त्यानंतर महिन्याचं अपडेट पहिल्याच फटक्यात बसलं.

दिवाणजी आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी, कॉम्प्युटरवरचं काम आटोपलं की, युपीएसचा प्लग काढतात, मिनिटं मोजतात आणि रोजमेळाच्या शेवटच्या पानावर आकडा लिहितात. गेल्या वेळी अकरा होता.